एक मोळी कमी

शाईस्ता मॅडम येणार म्हणून मी त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घातला होता. त्या माजलगावला कॉलेजात मराठी शिकवतात आणि ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांवर एक पुस्तक तयार करताहेत, एवढं फोनवरून कळलं होतं. "सर, तुमच्या घरी यायचं आहे," असं त्या म्हणाल्या. त्याचा मी माझ्या सोयीचा अर्थ लावला. दिंद्रुडच्या वाचनालयात मी चौतीस वर्षं ग्रंथपाल होतो. ऊसतोडीवरची माझी कादंबरी अपुरी आहे, पण ती आहे, हे आमच्या भागातल्या चार लोकांना ठाऊक आहे. मी तिची फाईल कपाटातून काढून टेबलावर ठेवली. मग ती फार उघड दिसते असं वाटून वर वर्तमानपत्र ठेवलं. मग फाईलचा एक कोपरा दिसेल इतपत वर्तमानपत्र सरकवलं.

मॅडम आल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "सारजाबाई कुठे आहेत?"

सारजा म्हणजे माझी बायको. ती मागच्या अंगणात तूर निवडत बसली होती. मी तिला हाक मारली. ती सूप घेऊनच आली आणि खाली बसली, तर मॅडमही खुर्ची सोडून तिच्याजवळ सतरंजीवर बसल्या. मी खुर्चीवरच राहिलो. आता उठून खाली बसणं बरं दिसेल की नाही, हे मला ठरवता येईना.

"मी तुमची तीन रेकॉर्डिंगं ऐकली," मॅडम म्हणाल्या. "विहिरीचं मी वर्गात लावलं. मला वाटलं पोरी रडतील. पोरी हसल्या. मला तेच आवडलं. अशी अजून किती आहेत?"

"दोन इसा आन सात," सारजा म्हणाली.

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं.

"म्हणजे सत्तेचाळीस," मी म्हणालो. त्या दुपारी माझं बोलणं एवढंच झालं.

सारजा आष्टीकडची. सात वर्षांची असल्यापासून लग्न होईपर्यंत ती दर साली आईबापांबरोबर तोडीला जायची. लहानपणी तिचं काम मोळ्या मोजायचं. बायका डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढत, आणि ही खाली उभी राहून मोजी. वीस झाल्या की उसाची एक कांडी बाजूला ठेवी. अजूनही ती सगळं विसांनी मोजते. भाकरी, पायऱ्या, पाहुणे.

सगळी रेकॉर्डिंगं मिळाली तर पुस्तकाचा अर्धा भाग सारजाबाईंचाच करू, असं मॅडम जाताना म्हणाल्या. तीस तारखेच्या आत द्या, पुढं छपाईला जाणार. सारजा म्हणाली, "घ्या की, मला काय करायचीत." मी मॅडमना फाटकापर्यंत सोडायला गेलो. परत येऊन फाईल कपाटात ठेवली.

हे रेकॉर्डिंगचं कसं सुरू झालं ते सांगायला हवं. आमचा मुलगा तानाजी चाकणला असतो. त्यानं दोन वर्षांपूर्वी त्याचा जुना टॅब आईला दिला आणि आवाज कसा भरायचा ते दाखवलं. जुना लॅपटॉप मला दिला. लॅपटॉप मी कापडात गुंडाळून ठेवला. सारजा मात्र दुपारी अंगणात एकटी बसून टॅबशी बोलू लागली. मला वाटलं, बरं आहे, तिचा वेळ जातो. बोलून झालं की ती टॅब माझ्यापुढं धरी. "ह्याला नाव द्या." टॅबवर अक्षरं इंग्रजीच होती, म्हणून ती सांगेल ते नाव मी इंग्रजी अक्षरांत टाकायचो. विहीर. कोप. मुकादम. वाढे. आत काय बोलली आहे ते मी एकदाही ऐकलं नाही. पुस्तकांवर क्रमांक घालायची सवय असलेला माणूस मी, क्रमांक घालून मोकळा व्हायचो.

मग तानाजीनं त्यातली तीन घरच्या ग्रुपवर टाकली; तिथून फिरत फिरत ती मॅडमपर्यंत गेली. माझी एक गोष्ट चौऱ्याण्णव सालच्या एका दिवाळी अंकात आली होती. तिच्या तीन प्रती मी अजून जपल्या आहेत. मागं त्या पानाचा फोटो मी ग्रुपवर टाकला, तेव्हा दोन नमस्कार आले. त्यातला एक तानाजीचा होता. सारजाच्या विहिरीला त्या दिवशी चाळीसच्या वर उत्तरं आली. माझा चुलतभाऊ सुंदरराव, जो माझ्याशी आठ वर्षं नीट बोललेला नाही, त्यानं लिहिलं, 'वहिनी, पुन्हा पुन्हा ऐकलं.' मी ते वाचलं आणि चष्मा पुसत बसलो. चष्मा स्वच्छच होता.

मी चाळीस वर्षं ज्यावर लिहायचा प्रयत्न केला ते हिला माहीत होतं. ही गोष्ट मला माहीत नव्हती असं नाही. पण आपली बायको लहानपणी तोडीला गेली होती, हे मी तिचं रक्त कुठल्या गटाचं आहे हे माहीत असावं तसं माहीत करून ठेवलं होतं. कादंबरीसाठी मी अहवाल वाचले, कात्रणं जमवली. तिला कधी विचारलं नाही.

मॅडम येऊन गेल्यावर चौथ्या दिवशी टॅब बंद पडला. म्हणजे चालू व्हायचा, कंपनीचं नाव यायचं, विझायचं, पुन्हा यायचं. सारजानं तो सकाळभर मांडीवर घेतला होता. रडली वगैरे नाही. फक्त दर वेळी नाव आलं की "आलं" म्हणायची.

तेलगावच्या चौकात जावेदचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. आम्ही दोघं एसटीनं गेलो. जावेदनं टॅब उलटसुलट करून पाहिला.

"काका, हे लई जुनं मॉडेल हाय. माझ्या शादीच्या आदीचं."

"चालू होईल का?"

"चालू तर पाच मिनटात करतो. रिसेट मारतो. पण आतलं सगळं साफ."

"मंग चालू करून त्याचा काय बसायला पाट करू का?" सारजा म्हणाली.

जावेद हसला. त्यानं हातातलं काम बाजूला ठेवलं. "मौशी, आतलं पायजे आसंल तर दुसरा रस्ता हाय. कस्टम रिकव्हरी टाकावी लागती. आसं समजा, घराच्या पुढल्या दारात किल्ली तुटलीय. कंपनीनं मागं एक दार दिलेलं आसतंय, पण त्या दारानं आत गेलं की घर झाडून रिकामं करता येतं, सामान भायेर काडता येत न्हाई. आपून ते दार काडायचं आन आपलं दार बसवायचं. आत जायचं, सामान मेमरी कार्डात भरायचं. झालं."

"मंग बसव की बाबा."

"आज रातीच्या गाडीनं हैदराबादला चाललो, मौशी. मेव्हण्याची शादी हाय. आल्यावर बसवतो. पंधरा दिस धरा."

तीस तारखेला नऊ दिवस राहिले होते. सारजा टॅब पुन्हा पदरात गुंडाळू लागली.

"मी बसवतो," मी म्हणालो.

दोघांनीही माझ्याकडं पाहिलं. जावेद जरा अवघडला. "काका, हे हाताचं काम हाय."

"कुठं लिहिलेलं असेल ना, कसं करायचं ते?"

"लिव्हलेलं हाय. सगळं इंग्लिशमधी."

"मग मी वाचीन."

"ह्यांनी आख्खं वाचनालय वाचलंय," सारजा जावेदला म्हणाली. ती हे कौतुकानं म्हणाली, आणि तेच मला टोचलं.

मी असं का बोललो हे मला आजही नक्की सांगता येत नाही. तिनं माझे उपकार मानावेत असं वाटलं असेल. टॅब माझ्या हातात असावा, म्हणजे बिघडला तर माझ्याच हातून बिघडेल, असंही वाटलं असेल. दोन्ही खरं असण्याची शक्यता मी नाकारत नाही.

जावेदनं लागणाऱ्या फायली आणि ते इंग्रजी लिखाण पेनड्राइव्हवर घालून दिल्या, चांगली केबल दिली आणि बोटांवर चार गोष्टी सांगितल्या. मॉडेलचा नंबर अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. बॅटरी अर्ध्याच्या वर पाहिजे. लॅपटॉपवर 'आपोआप चालू' अशा अर्थाची खूण असेल ती काढायची. आणि रिकव्हरी बसली की टॅब नेहमीसारखा चालू होऊ द्यायचा नाही. लगेच तीन बटणं एकदम दाबून मागच्या दारानं आत शिरायचं. "न्हाईतर काका, कंपनी आपलं दार काडून तिचं परत बसवती. लई हुशार आसती ती."

पुढचे तीन दिवस मी सगळं वहीत उतरवून काढलं. दोनशे पानी वही होती. इंग्रजी वाक्य, खाली मराठी अर्थ, कडेला पायरीचा क्रमांक. एकतीस पायऱ्या झाल्या. त्यात काही माहिती मॉडेलच्या नंबरात एका आकड्याचा फरक असलेल्या दुसऱ्याच टॅबची निघाली, तर एकाच पुस्तकाच्या दोन आवृत्त्या वेगळ्या कराव्यात तशी मी ती वेगळी केली. मला बरं वाटत होतं. फार वर्षांनी आपण एखादं काम नीट करत आहोत असं वाटत होतं.

सव्विसाव्या पायरीच्या खाली एक इशारा होता. रिकव्हरी उघडली की पडद्यावर वेगवेगळ्या कामांची बरीच चौकोनी खाती दिसतील. त्यातल्या अमुक एका खात्यात जाऊ नये, तिथं गेलं आणि पडद्यावर बोट सरकवलं तर आतलं सगळं पुसलं जाईल. मी त्याचा अर्थ 'पुसणे' असा लिहिला. मग त्या शब्दाकडं नको इतका वेळ पाहत राहिलो. असं होऊ शकतं, माझ्या मनात आलं. जावेदही म्हणेल, काका, मी म्हणलो होतो, हाताचं काम हाय. कुणीही मला दोष देणार नाही. सारजा तर नाहीच देणार. ती म्हणेल, तुमी तरी काय करणार. आणि मॅडमचं पुस्तक तिच्या तीन रेकॉर्डिंगांवर भागेल, आणि तिच्या नावाखाली दोन पानं येतील, आणि दोन पानं मला सहन झाली असती. मी वही मिटली आणि विहिरीवर जाऊन उगाच पाय धुऊन आलो.

चोवीस तारखेला सकाळी दहा वाजता बाहेरच्या खोलीत मी सगळं मांडलं. लॅपटॉप, केबल, टॅब, वही. पहिल्या एकवीस पायऱ्या बिनचूक गेल्या. टॅबवर इशाऱ्याचा पडदा आला, लॅपटॉपवर निळा चौकोन आला, मी फाईल निवडली, आपोआपची खूण काढली, सुरू म्हटलं. दोन मिनिटांत चौकोन हिरवा झाला आणि त्यात 'पास' असं आलं. इतका आनंद मला बीएच्या निकालाला झाला नव्हता.

मग बाविसावी पायरी. केबल काढा, टॅब बंद करा, तीन बटणं दाबा. आवाज वाढवायचं, खाली मधलं, आणि चालू-बंदचं. त्याला दोन्ही हात लागतात. मी दाबली. पुढं काय करायचं ते मला पाठ होतं, पण पाठ असलेल्यावर माझा विश्वास नाही. मी वहीत पाहिलं. बाविसावी पायरी पानाच्या तळाशी संपली होती. तेविसावी पान उलटल्यावर होती.

मी हनुवटीनं पान उलटायला गेलो. टॅब गुडघ्यावरून घसरला. बोटं सुटली. कंपनीचं नाव आलं, विझलं, पुन्हा आलं. दार परत तिचं झालं.

पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं. या वेळी पान फाडून शेजारी ठेवलं. माझ्या उजव्या अंगठ्यात संधिवात आहे. ऐन वेळी तो चालू-बंदच्या बटणावरून निसटला. पुन्हा तेच.

सारजा दारात उभी होती. हाताला पीठ होतं. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"सरका," ती म्हणाली. तिनं पदराला हात पुसले, खाली बसली. "तुमी वाचा. मी दाबते."

तिसऱ्यांदा हिरवा चौकोन आला तेव्हा तिनं टॅब मांडीवर धरला. मोळी बांधताना वाढ्याच्या, उसाच्या शेंड्याच्या, गाठी ओढलेली तिची बोटं, तीन बटणं त्यांना काही जड नव्हती. मी वाचत गेलो.

"आता तिन्ही एकदम."

"दाबली."

"नाव आलं की चालू-बंदचं सोड. बाकीची दोन धरून ठेव."

"आलं. सोडलं. किती धरू?"

"दहा सेकंद लिहिलंय."

ती मोजू लागली. सातावर असताना पडदा काळा झाला आणि मग एक वेगळंच चित्र आलं, चौकोनी खात्यांचं, इंग्रजीत. मागचं दार उघडलं होतं.

"आता?" तिचं बोट पडद्याला टेकायचंच राहिलं होतं. "हितं काय लिव्हलंय?"

नेमकं त्याच खात्यावर. तिला इंग्रजी येत नाही. मी म्हटलं असतं, हेच, दाब, आणि आता डावीकडून उजवीकडं बोट सरकव, तर तिनं सरकवलं असतं.

"आवं, काय लिव्हलंय?"

"पुसून टाका, असं."

"मंग त्याला हात लावू नका," ती म्हणाली आणि टॅब माझ्या हातात दिला. "तव्यावर भाकर हाय." आणि आत गेली.

मी एकटा राहिलो. फायलींचं खातं उघडलं. सगळी होती. मीच दिलेली नावं एकाखाली एक. विहीर, कोप, मुकादम, मोळी, वाढे, आईची साडी. आणि त्यांच्यात एक बिननावाचं. नुसता 'व्हॉइस ३१' असा टॅबनं स्वतःहून घातलेला क्रमांक.

सत्तेचाळिसांपैकी सेहेचाळिसांना तिनं माझ्याकडून नाव घालून घेतलं होतं. या एकाला नाही. हे एक तिनं माझ्यापुढं धरलं नव्हतं.

रिकव्हरीत आवाज ऐकता येत नाही, नुसतं उचलून ठेवता येतं. आत काय आहे हे मला कळायला मार्ग नव्हता, पण कुणाबद्दल आहे हे कळलं. मी सगळ्यांवर खूण केली आणि त्या एकावरची काढली. मग मेमरी कार्डात उतरवायला सांगितलं. काम झालं. घाईघाईनं मी टॅब बंद केला, कार्ड काढून लॅपटॉपला लावलं.

जेवताना तिनं विचारलं, "आली का समदी?"

"आली. सेहेचाळीस."

घास तिच्या हातातच राहिला. "दोन इसा आन सात हायेत."

"एक खराब निघाली."

"कोणती?"

"नाव नसलेली."

"आसू द्या मंग," ती म्हणाली आणि जेवू लागली.

दुपारी आणि दुसऱ्या दिवशी मी ती सगळी ऐकली. ती शेजारी बसून वाती वळत होती. मी चुका शोधत होतो, हे मला कबूल केलं पाहिजे. कुठं तरी ती लांबण लावेल, कुठं तरी रडका सूर काढेल, म्हणजे मला जरा श्वास घेता येईल. एका रेकॉर्डिंगमध्ये तिची आई थंडीत कोपीत, उसाच्या पाल्याच्या झोपडीत, बाळंत होते. माझ्या कादंबरीत असा प्रसंग अकरा पानांचा आहे आणि त्यात वारा आहे, चंद्र आहे, कुत्रं आहे. सारजा म्हणते, "आईनं सकाळी इचारलं, गाडी भरली का. मी म्हणलं, तीन कांड्या झाल्यात. मंग ती निजली. भाऊ रातीच झाला व्हता." एवढंच. मी लॅपटॉप बंद केला आणि डोकं दुखतंय म्हणून पडलो.

तिच्या आवाजाचा मला राग येत होता. तिनं कधी एक पान फाडलं नव्हतं. ती आपली तूर निवडता निवडता बोलली होती. आणि मला एवढी सगळी ऐकूनही राहिलेल्या एकाचीच ओढ लागली होती.

सव्वीस तारखेला ती बाजाराला गेली तेव्हा मी टॅब काढला. आता लॅपटॉपची गरज नव्हती, एकदा आत शिरल्यावर दार पक्कं बसलं होतं, कंपनी ते आता काढणार नव्हती, नुसती तीन बटणं दाबायची होती. अंगठा निसटला. अंगठ्याला रुमाल गुंडाळून पाहिलं. टॅब भिंतीला टेकवून पाहिला. कंपनीचं नाव येत होतं आणि विझत होतं. सारजा पिशवी घेऊन दारात आली तेव्हा मी टॅब दोन गुडघ्यांत धरून बसलो होतो. लपवायला जागा नव्हती.

"ती खराब नव्हती," मी म्हणालो. "मी घेतली नाही."

तिनं पिशवी खाली ठेवली. मेथीची जुडी वर होती ती आडवी झाली.

"मला म्हाईत हाय."

"कसं?"

"मोळी कमी पडली ना, तर ती कुटं जात नसती. कुणीतरी फडातच पाडून ठिवलेली आसती. मुकादम आमाला पयलं हेच शिकवायचा." ती माझ्यासमोर बसली आणि टॅब ओढून घेतला. "कावून न्हाई घेतली?"

"मला भ्या वाटलं."

"ऐकलं न्हाई, तरी भ्या वाटलं?"

तिनं बटणं दाबली. "वाचा," ती म्हणाली.

वहीची गरज नव्हती, पण मी वही उघडली आणि वाचलं. ती मोजत राहिली. दार उघडलं. या वेळी मी तिच्यासमोरच त्या एकावर खूण केली. कार्ड लॅपटॉपला लावल्यावर ती उठली. "तुमी ऐका. मला मेथी निवडायचीय." ती अंगणात गेली, पण दाराच्या जवळच बसली.

रेकॉर्डिंग चार मिनिटांचं होतं.

"लगीन झालं त्या साली उन्हाळ्यात ह्यांनी मला त्यांची कादंबरी वाचून दाखवली. पयला अध्याय. मला आधी कुणीच काय वाचून दाखवलं नव्हतं. त्याच्यात एक बाई हाय, ती उसाची मोळी उचलून डोक्यावर घेती आन गाणं म्हणत ट्रककडं जाती. मी म्हणलं मनात, एकटीनं कशी घेतली. मोळी एकटीला डोक्यावर घेता येत न्हाई. दुसरीनं हात लावावा लागतो. माझ्या आईला शेवंतामामी हात लावायची, मामीला आई लावायची. दोघींचं भांडण झालं तरीबी लावायच्या, बोलायच्या न्हाईत पण लावायच्या. आन गाणं कुटलं, तोंडात पाचट जातं. पण ह्यांचं तोंड आसं दिसत व्हतं, जसं पोराला नवं कापडं घातल्यावर दिसतं. मी म्हणलं, लई छान. मंग ह्यांनी पुढं लई वर्सं लिव्हलं, आन फाडलं, आन लिव्हलं. मला वाटतं, मी तवाच सांगितलं आसतं तर ह्यांनी इचारलं आसतं, मंग कसं उचलतात. मी सांगितलं आसतं. ती चुकी माझी हाय. ही मोळी आडूनच बसली. आता सांगायला लई उशीर झाला, म्हून हितं सांगते."

नंतर बराच वेळ नुसता सुपातल्या तुरीचा आवाज होता. बंद करायचं ती विसरली असावी.

मी फाईल काढली. पहिला अध्याय, पान तीन. 'तिने मोळी लीलया डोक्यावर घेतली.' तेहेतीस वेळा मी हा अध्याय पुन्हा लिहिला आहे. विशेषणं बदलली, वारा बदलला, बाईचं नाव दोनदा बदललं. हे वाक्य प्रत्येक खर्ड्यात जसंच्या तसं होतं. लीलया.

मला लाज वाटली असं लिहिलं तर ते शोभून दिसेल. खरं म्हणजे मला पुन्हा हेवाच वाटला. बोलायच्या न्हाईत पण लावायच्या. हे वाक्य माझ्याच घरात, माझ्याच अंथरुणापासून हातभर अंतरावर चाळीस वर्षं पडून होतं, आणि ते तिचं होतं.

सत्तावीसला शाईस्ता मॅडमचा फोन आला. मी म्हणालो, सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस आहेत. त्यांनी विचारलं, लिहून कोण काढेल, मुलांना शिकवायचं म्हणजे वेळ जाईल. मी म्हणालो, माझं अक्षर बरं आहे. तीस तारखेपर्यंत पहिली वीस देतो, मग रोज पाच. त्या म्हणाल्या, "चालेल, छपाई तेवढी थांबवते. सर, फक्त भाषा सुधारू नका हं." हे त्यांनी मला सांगावं याचं वाईट वाटलं, आणि सांगितलं नसतं तर मी सुधारली असती हेही खरं.

मी ते बिननावाचंच आधी लिहायला घेतलं. सारजा समोर बसली होती. तिचं बोलणं मी थांबवत थांबवत उतरवत होतो. 'पाचट'पाशी माझा पेन अडला. 'वाळकी पानं' लिहावं असं हाताला वाटत होतं. मी पाचट लिहिलं.

"शेवंतामामी आणि आई कशावरून भांडल्या होत्या?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडं पाहिलं. "ते पुस्तकात घालायचंय?"

"नाही. विचारतोय."

"सरपणावरनं," ती म्हणाली. "लई मोठी गोष्ट हाय. मंग सांगते. आदी त्याला नाव द्या. बाकीच्यांना हायेत, हे एकच नागडं."

मी बराच विचार केला. तेहेतीस खर्डे केलेल्या माणसाला एक नाव सुचायला हवं होतं. शेवटी मी लॅपटॉपवर इंग्रजी अक्षरांत टाईप केलं आणि पडदा तिच्याकडं फिरवला.

"काय लिव्हलं?"

"मोळी."

"त्या नावाचं हाय आदीच," सारजा म्हणाली. "सतरावं. तुमीच टाकलंय."

मी पाहिलं. होतं. मी पुढं दोनचा आकडा घातला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा ऐकू लागलो.